पुढचा शू आधी का झिजतो?

छोट्या गाडीचं मागचं चाक काढून, चाकासोबत फिरणारा डब्यासारखा ड्रम ओढून घेतला की आत दोन अर्धगोल ब्रेक शू दिसतात. दोन्हींवर लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारा थर, सारखाच, ढकलणारा व्हील सिलिंडर एकच, तेलाचा दाबही तोच. तरी पुढच्या अंगाचा शू बहुतेक वेळा जास्त झिजलेला असतो.

सिलिंडर वर असतो, शूची खालची टोकं पक्क्या आधाराला टेकलेली. गाडी पुढे जाताना ड्रम पुढच्या शूवरून वरून खाली घासत जातो आणि त्याला सोबत ओढू बघतो. खालचं टोक अडलेलं, मग शू जाणार कुठे? तो ड्रमवरच आणखी रेटला जातो, दाराखाली मारलेल्या पाचरीसारखा. म्हणजे पायाच्या जोरात फिरतं चाक स्वतःची भर घालतं. मागच्या शूला मात्र ड्रम आत लोटतो. रिव्हर्समध्ये भूमिका बदलतात, पण रिव्हर्समध्ये आपण गाडी चालवतो ती किती! फ्रान्सच्या लुई रेनोनं १९०२ साली ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यानंतर कित्येक दशकं गाड्या बूस्टरशिवाय, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राशिवाय, थांबू शकल्या, त्या या फुकटच्या जोरामुळेच. डिस्क ब्रेकला तो मिळत नाही.

शू घरी बदलायचे तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर ड्रम हलत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवायची. गंजून बसलेल्या ड्रमवर लगेच हातोडा चालवू नये. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की ड्रम आपसूक बाहेर सरकतो. आतली काळी भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

एका वेळी एकच बाजू उघडावी. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या ते डोक्यात राहत नाही, दुसरं चाक नमुना म्हणून कामी येतं. ड्रम बाहेर असताना पेडल कुणी दाबलं तर सिलिंडरचे पिस्टन निसटून तेल सांडतं. सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर नवे शू घालून उपयोग नाही, आधी सिलिंडर बदलायचा, कारण तेल लागलेला लायनर धरत नाही.

नवे लायनर ड्रमच्या गोलाईत बसेपर्यंत पकड थोडी कमीच वाटते.