संघसहकारी चालकांतील श्रेष्ठत्वाचा वाद

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत एकाच संघाकडून धावणाऱ्या दोन चालकांपैकी सरस कोण, याविषयी चाहते, समीक्षक आणि माजी चालक यांच्यात चालणारी चर्चा. प्रत्येक संघाची गाडी वेगळी असल्यामुळे दोन संघांतील चालकांची तुलना करताना चालकाचे कसब किती आणि यंत्राची ताकद किती, हे वेगळे काढता येत नाही. सहकाऱ्याच्या हाती मात्र तीच गाडी असते, आणि म्हणून या खेळात त्याच्याशी होणारी तुलना सर्वांत जास्त बोलकी मानली जाते.

नागपुरात फॉर्म्युला वनच्या तोडीचा शर्यतमार्ग नाही. इथला चाहता घडला तो दूरचित्रवाणीवर. युरोपातील बहुतेक शर्यती भारतीय वेळेनुसार रविवारी संध्याकाळी होतात आणि त्या संपल्या की धरमपेठेतील चहाच्या टपऱ्यांवर किंवा फुटाळ्याच्या काठावर वाद रंगतो. जपानमधील सुझुकाची शर्यत सकाळची असल्याने तिचा निकाल तर्री पोह्यांच्या प्लेटवर लागतो. “गाडी तर सेमच होती ना बे” हा या चर्चेतला हुकमी मुद्दा. तो जितका बिनतोड वाटतो तितका नाही, हे जुन्या जोड्यांचे हंगाम बारकाईने पाहिल्यावर ध्यानात येते.

या वादाचा सर्वांत समृद्ध आधार म्हणजे मॅक्लारेन संघाचा 1988 चा हंगाम. आयर्टन सेना आणि अॅलन प्रॉस्ट यांनी त्या वर्षी 16 पैकी 15 शर्यती आपसात वाटून घेतल्या: सेनाने 8, प्रॉस्टने 7. प्रॉस्ट उरलेल्यांपैकी 7 शर्यतींत दुसरा आला आणि त्याचे एकूण गुण 105 झाले. सेनाचे झाले 94. तरीही जगज्जेता सेना ठरला, कारण नियमानुसार चालकाच्या सर्वोत्तम 11 निकालांचेच गुण धरले जात. प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे 18 गुण, त्यामुळे वजा झाले आणि हिशेब 90 विरुद्ध 87 असा उरला. सेनाचे चाहते विजयांची संख्या पुढे करतात, प्रॉस्टचे चाहते एकूण गुण. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र नियम हंगामापूर्वीच ठाऊक होता आणि त्या नियमाखाली जिंकण्याला सातत्यापेक्षा अधिक मोल होते, हे लक्षात घेता सेनाचे विजेतेपद न्याय्यच मानावे लागते.

त्याच वर्षीची मोनॅकोची शर्यत तर दोन्ही पक्षांना पुरून उरते. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीतील सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या वेळचाचणीत, सेनाने प्रॉस्टला 1.427 सेकंदांनी मागे टाकले. त्या अरुंद, भिंतींनी वेढलेल्या रस्त्यांवर, त्याच गाडीत, तेवढे अंतर आजही थक्क करते. शर्यतीतही सेना जवळपास मिनिटभराने पुढे होता. पण 78 फेऱ्यांपैकी 67व्या फेरीत, प्रॉस्टकडून कोणताही धोका उरलेला नसताना, बोगद्याआधीच्या पोर्तिए वळणावर त्याची गाडी कठड्यावर आदळली आणि शर्यत प्रॉस्टने जिंकली. निखळ वेगात सेनाच्या जवळपासही कोणी नव्हते, आणि गाडी सांभाळून शेवटपर्यंत नेण्यात प्रॉस्ट त्याच्याहून सरस होता. एकाच दिवसाने दोन्ही गोष्टी दाखवून दिल्या. पुढच्या वर्षी सुझुकात दोघांची धडक झाली, सेना पुढे जाऊन पहिला आला तरी त्याला बाद ठरवण्यात आले आणि विजेतेपद प्रॉस्टकडे गेले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मोजपट्टी बदलली की उत्तर बदलते, याची इतर उदाहरणेही आहेत. 1984 मध्ये मॅक्लारेनकडूनच धावताना प्रॉस्टने 7 आणि निकी लाउडाने 5 शर्यती जिंकल्या, पण लाउडा अवघ्या अर्ध्या गुणाने जगज्जेता झाला. हा अर्धा गुण शक्य झाला तो पावसामुळे अर्धवट थांबवलेल्या मोनॅकोच्या शर्यतीला निम्मे गुण दिल्यामुळे. त्याच संघात 2010 ते 2012 या तीन हंगामांत जेन्सन बटनचे 672 गुण झाले आणि लुईस हॅमिल्टनचे 657, तरी बटनला हॅमिल्टनपेक्षा थोर म्हणणारा चाहता क्वचितच भेटतो.

चर्चेत हटकून येणारा दोषपूर्ण युक्तिवाद साखळीचा आहे. निको रॉसबर्गने 2010 ते 2012 असे सलग तीन हंगाम मर्सिडीजमध्ये मायकेल शूमाकरपेक्षा अधिक गुण मिळवले आणि पुढे हॅमिल्टनने त्याच रॉसबर्गला सलग तीन हंगाम मागे टाकले. म्हणून हॅमिल्टन शूमाकरपेक्षा श्रेष्ठ, असे सांगितले जाते. हॅमिल्टन श्रेष्ठ असेलही, पण या साखळीने ते सिद्ध होत नाही. रॉसबर्गपुढे होता तो तीन वर्षांच्या खंडानंतर, चाळिशी ओलांडून परतलेला शूमाकर. 2000 ते 2004 अशी ओळीने पाच विजेतेपदे मिळवणारा नव्हे.

शिवाय “सेम गाडी” सर्वार्थाने सेम नसते. 2016 मध्ये मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचे इंजिन पेटले, आणि हंगामअखेर रॉसबर्ग 385 विरुद्ध 380 अशा फरकाने जगज्जेता झाला. 2002 मध्ये ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलोने संघाच्या आदेशावरून अंतिम रेषेजवळ वेग कमी करून शूमाकरला विजय दिला. असा आदेश असलेल्या संघात नोंदवहीतल्या निकालावरून सहकाऱ्याची पात्रता ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

भारतीय चाहत्यांच्या दृष्टीने जवळची जोडी म्हणजे 2005 मधील जॉर्डन संघाचे नरेन कार्तिकेयन आणि टियागो मोंटेरो. कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. इंडियानापोलिस येथे मोंटेरो तिसरा आणि कार्तिकेयन चौथा आला. मात्र मिशेलिनचे टायर त्या मार्गावर असुरक्षित ठरल्याने 14 गाड्या सुरुवातीपूर्वीच माघारी फिरल्या होत्या आणि प्रत्यक्ष शर्यतीत सहाच गाड्या धावल्या. कार्तिकेयनचे फॉर्म्युला वनमधील सर्व 5 गुण त्याच दिवसाचे आहेत.