मे महिन्यात उजनीतला मासा कुठे असतो?

ऊन वाढलं की मासा खोल जातो, असं गळ टाकणारे सगळेच सांगतात. नदीच्या सावलीतल्या डोहापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण भीमेवरच्या उजनीसारख्या धरणात मे महिन्यात याच समजुतीवर विसंबलं, तर सबंध दिवस वाया जातो. खोल पाण्यात तळाला शिशाचं वजन सोडून सकाळपासून बसलं तरी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हलत नाही. त्याच वेळी समोरच्या काठाला, जिथे लाटा आपटून पाणी गढूळ झालेलं असतं, तिथे कमरेएवढ्या पाण्यात चिलापी आणि रोहू खुशाल चरत असतात. त्यांनाही ऊन लागतंच. पण त्या दिवसांत माशाची पहिली गरज गारव्याची नसून श्वासाची असते. उन्हाळ्यात मासा शोधायचा म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन कुठे आहे ते शोधायचं. एवढं लक्षात आलं की जागा, वेळ आणि आमिष, तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

पाणी जितकं कोमट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये साधारण ९.१ मिलिग्रॅम विरघळतो, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.६. हे आकडे समुद्रसपाटीचे. पठारावर, पाचशे मीटर उंचीला, हवेचा दाब कमी असल्यामुळे यातून आणखी पाच-सहा टक्के वजा करावे लागतात. माशाची गरज मात्र उलट्या दिशेने जाते. तो स्वतःचं शरीर गरम किंवा थंड ठेवू शकत नाही. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा ऑक्सिजनचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे उन्हाळ्यात लागतो जास्त आणि मिळतो कमी. त्यात खाल्लेलं पचवायलाही वेगळा ऑक्सिजन लागतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तोवर रोहू-कटला व्यवस्थित खातात. तो तीनच्या खाली घसरला की ते तोंडासमोरचं अन्नही सोडून देतात, कारण ते पचवण्याची ऐपत त्या क्षणी त्यांच्याकडे नसते. अशा वेळी आमिष बदलत बसण्यात अर्थ नाही. जागा बदलावी.

खोल पाणी रिकामं का असतं, याचं कारण पाण्याच्या घनतेत आहे. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि थंड पाणी खाली, हे आपण शाळेत शिकलो. मात्र हा फरक सगळ्या तापमानांना सारखा नसतो. पाणी ४ वरून ५ अंशांवर गेलं तर घनता जेवढी घटते, त्याच्या तीसपटीहून जास्त ती २५ वरून २६ वर जाताना घटते. म्हणून आपल्याकडच्या कोमट पाण्यात दोन-तीन अंशांच्या फरकानेही वरचा थर आणि खालचा थर पक्के वेगळे पडतात आणि वारा त्यांना सहजासहजी मिसळू शकत नाही. वरच्या थराला हवेचा आणि शेवाळाचा ऑक्सिजन मिळत राहतो. खालचा थर कोंडला जातो. तळाच्या गाळात मेलेलं शेवाळ, पालापाचोळा, सांडपाण्यातून आलेला मैला कुजत असतो आणि त्या कुजण्यातच तिथला उरलासुरला ऑक्सिजन संपतो. तळातून ओढून काढलेल्या शिशाला काळा गाळ लागला असेल आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे मासा नाही हे नक्की समजावं. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन संपल्यावरच तो तयार होतो.

थर पडलेत की नाहीत हे घरच्या साहित्यातून तपासता येतं. काचेच्या बाटलीला खाली वजन बांधायचं, तोंडाला सैलसर बूच बसवायचं आणि बुचाला वेगळी दोरी लावायची. बाटली दोन मीटरवर सोडून बूच ओढायचं, भरायला मिनिटभर द्यायचं, वर घेऊन लगेच थर्मामीटर बुडवायचा. मग चार मीटरवर तेच करायचं, सहा मीटरवर तेच. वरच्या दोन-तीन मोजण्या जवळजवळ सारख्या येतात आणि एका ठिकाणी पारा एकदम उतरतो. तो उतार जिथे सापडेल, त्याच्या वर आमिष ठेवायचं. खाली सोडलेलं आमिष आपल्याला दिसत नाही आणि माशालाही मिळत नाही. होडी असेल तरच हे जमतं. काठावरून टाकणाऱ्याने सरळ दीड ते तीन मीटर खोलीची जागा धरावी, आणि शिसं काढून भेंडावर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर, टाकावं.

आता वेळ. मासेमारीच्या सगळ्या गप्पांत पहाटेचं फार कौतुक असतं आणि स्वच्छ पाण्याच्या बाबतीत ते रास्तही आहे. उजनीचं उन्हाळ्यातलं पाणी मात्र हिरवं असतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं. दिवसा हेच शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी वरच्या पाण्यात तो क्षमतेपेक्षाही जास्त होतो. सूर्य मावळला की ते फक्त श्वास घेतं. रात्रभर मासे, शेवाळ आणि गाळातले जिवाणू एकाच साठ्यातून ऑक्सिजन ओढत राहतात आणि तो साठा तळाला लागतो नेमका पहाटे, सूर्योदयाच्या आधी. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा ओढत असतात. नवख्याला वाटतं, मासा वर आलाय, आता लागणार. तो खायला वर आलेला नसतो, त्याचा जीव गुदमरत असतो.

म्हणून पाण्याशी पोहोचल्यावर आधी हात कोपरापर्यंत बुडवून बघावा. मत्स्यतळ्यावर काम करणारे लोक हीच चाचणी करतात. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ दाट आहे. अशा पाण्यावर पहाटेची झोप मोडण्याची गरज नाही. सकाळी आठ-नऊपासून, शेवाळाने काम सुरू केल्यावर, मासा हलायला लागतो, आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले. कोपर बुडूनही तळवा स्पष्ट दिसत असेल तर खुशाल पहाट गाठावी. अशा निवळ पाण्यात भर उन्हात मासा उघड्यावर येत नाही.

वाऱ्याकडे आपले लोक पुरेसं लक्ष देत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पठारावर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बहुतेक दिवशी पश्चिमेकडून वारा सुटतो. फेकायला सोपं जावं म्हणून गळ टाकणारे वाऱ्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे नेमके ज्या काठाला पाणी निपचित पडलंय तिथे. वारा वरचं पाणी ढकलत समोरच्या काठाला नेतो, त्याबरोबर तरंगतं सूक्ष्म अन्नही जातं. तिथे लाटा फुटतात, हवा मिसळते, गढूळपणामुळे ऊन आत कमी शिरतं. ऑक्सिजन, अन्न आणि आडोसा हे तिन्ही एका ठिकाणी मिळतं. तोंडावर वारा घेऊन फेकणं त्रासाचं आहे, पण मासा तिथेच असतो.

पाणी उतरत जातं तसा उजनीचा नकाशाही बदलतो. या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. उन्हाळ्यात आवर्तनं सुटत राहतात आणि साठा उणे टक्क्यांत जातो. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, काठच्या जमिनीत गाळपेर होते. पसरट बॅकवॉटरमधून हटलेला मासा भीमेच्या मूळ पात्राच्या कडेला जमा होतो. पात्राची कड, बुडालेल्या बाभळींचे खुंट, जुन्या भिंती आणि विहिरींचे काठ, या जागा बघून ठेवाव्यात. पावसाळ्यात पाणी चढल्यावरही त्या कामी येतात. फक्त उघड्या पडलेल्या ताज्या गाळावर पाय टाकताना आधी काठी रोवून बघावी. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मांडीपर्यंत ओला असतो.

याच उतरत्या काठाला चिलापीची घरटी दिसतात, तळात कोरलेले बशीसारखे गोल खड्डे. ते नर खणतो. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास उपाशी राहते. त्यामुळे घरट्यांवर जो गळाला लागतो तो बहुधा नर असतो, आणि भुकेपेक्षा हद्द राखायला म्हणून चावतो. गांडुळाचा लहान तुकडा अगदी खड्ड्यात पडला पाहिजे, हातभर बाजूला पडला तर तो ढुंकून बघत नाही. चिलापी आफ्रिकेतून आणलेला मासा. मोझांबिक जातीची चिलापी भारतात १९५२ मध्ये आली. तापलेलं आणि कमी ऑक्सिजनचं पाणी तिला सहज सोसतं, म्हणून आपले मूळचे मासे जिथे मागे हटले तिथे तिने बस्तान बसवलं. ती ठेवून घेताना मनाला लावून घेऊ नये.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरातलं बारीक अन्न गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाटतो, पण उन्हाळ्यात फक्त उथळ तळ. रोहू मधला. तिघांनाही शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा चालतो. कोमट पाण्यात गोळा लवकर सुटतो म्हणून कणिक जरा घट्ट मळावी. पेंड मात्र किलो-किलोने ओतू नये. न खाल्लेली पेंड कुजते आणि आपण बसलो त्याच जागेचा ऑक्सिजन खाते.

मरळीचं सगळं वेगळं. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरणारी पोकळी असते आणि ती थेट हवेतून श्वास घेते. पाण्यात ऑक्सिजन नसला तरी तिचं अडत नाही. इतर मासे थंडावलेल्या कुंद दुपारी, पाणवनस्पतींच्या फटीत, मरळ जागी असते. दर काही मिनिटांनी ती हवा घ्यायला वर येते, त्या वेळचा फुटणारा बुडबुडा हेरायचा आणि त्याच्या हातभर पुढे आमिष टाकायचं. पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर मात्र काठी बाजूला ठेवावी. खाली राखण करणारे आई-बाप पडेल त्या वस्तूवर झेपावतात, त्यामुळे ते फार सहज लागतात. पण ते गेले की तासाभरात पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

सोडायचा मासा उन्हाळ्यात विशेष जपावा लागतो. झुंजताना त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं आणि ते निस्तरायला ऑक्सिजनच लागतो, जो पाण्यात आधीच कमी असतो. म्हणून बारीक तंगुसावर माशाला अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी नाही. जाड तंगूस वापरून त्याला लवकर काठाला आणावं, हात ओले करून धरावं, तापलेल्या वाळूवर टाकू नये, गळ पाण्यातच सोडवावा. फोटो काढायचाच तर कॅमेरा आधी तयार ठेवून. मग तोंड वाहत्या पाण्याकडे करून, तो स्वतः जोर करेपर्यंत धरून ठेवावा. मेअखेरीस फुगलेल्या पोटाच्या रोहू-कटल्याच्या माद्या गाभोळीवर असतात आणि पावसाच्या पुरात अंडी घालणार असतात. त्या पाण्यात परत गेल्या पाहिजेत.

आणि धार तुटून डोह-डोह उरलेल्या नदीत या दिवसांत गळ टाकूच नये. कोसभर नदीतला सगळा मासा त्या एका डोहात आसऱ्याला आलेला असतो. आपला खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, असाच टिकलाय. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत लोकांनी श्रद्धेने मासे राखले, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने महसीरची पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालवलं, म्हणून त्याचं नाव आजही घेता येतं. धरणांत मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. बसण्यापूर्वी त्यांना विचारावं. पाण्याची खरी खबरही त्यांच्याकडेच मिळते.

वळवाच्या आधी मासा जोरात खातो, कारण हवेचा दाब उतरतो, हे फार ऐकायला मिळतं. हिशोब करून बघा. वादळी हवेत दाब दहा मिलिबारने उतरला, तर तो पाण्यातल्या फक्त दहा सेंटिमीटर खोलीइतका फरक. मासा दिवसभरात कितीतरी वेळा मीटर-मीटर वरखाली करतो. हा फरक त्याला जाणवला तरी त्याने वागणं पालटावं इतका तो मोठा नाही. ढगांनी उजेड कमी होतो आणि वाऱ्याने पाणी घुसळलं जातं, ही कारणं जास्त पटतात. पण तो मोह आवरावा, कारण वीज पडून माणसं मरतात ती बरीचशी याच दिवसांत. आजकालच्या कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते, आणि उघड्या काठावर सगळ्यात उंच आपणच असतो. पहिला गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून गाडी किंवा पक्कं घर गाठावं, झाडाखाली थांबू नये.

वळीव जोराचा झाला तर दुसऱ्या दिवशी जाऊ नये. थंड पाऊस आणि वारा दोन्ही थर एकदम मिसळतात, तळाचं कोंडलेलं पाणी वर येतं, ढगाळ दिवशी शेवाळही काम करत नाही, आणि कधीकधी रात्रीत मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. असे मासे खाऊ नयेत. विकत असतील तर घेऊ नयेत, आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावं. दोन-तीन दिवस चांगलं ऊन पडलं, तळाचा वास गेला, की जिथे ओढ्याचं ताजं पाणी आत येतंय त्या मुखाशी बसावं. तिथे पाणी गार असतं, त्यात हवा मिसळलेली असते आणि रानातून वाहून आलेली गांडुळं-किडे असतात. साध्या गांडुळावर रोहू आणि शिंगाडा हे दोन्ही मासे लागतात.