‘तिला विचारून’ आणि ‘तिच्या वतीने’

समजा, तपासणीच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. एकीवर डॉक्टर, दुसरीवर आई, तिसरीवर बावीस वर्षांची मुलगी. मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. बोलते कमी, वाक्यं तुटक. पण घरातलं कुणी बाहेरगावी गेलं की ते कधी परत येणार हे रोज न चुकता विचारते. आई म्हणते, “डॉक्टर, हिची पिशवी काढून टाका. पाळीचं हिला सांभाळता येत नाही, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर?” डॉक्टर मुलीकडे वळतात. “चालेल ना गं?” मुलगी आईकडे बघते आणि मान हलवते. संमतीपत्रावर आई सही करते.

मुलीला विचारलं का? आई शपथेवर सांगेल की विचारलं. डॉक्टर केसपेपरवर ‘रुग्णाशी चर्चा केली’ असं लिहितील, आणि दोघांच्याही मनात खोट नसेल. अपंग व्यक्तीला मूल होऊ द्यायचं की नाही, याचे निर्णय बऱ्याचदा असेच होतात. जबरदस्ती कुणी केलेली दिसत नाही, पण निर्णय तिचाही नसतो. ‘तिला विचारून’ आणि ‘तिच्या वतीने’ बाहेरून इतके सारखे दिसतात, की आपण यातलं काय करतोय हे करणाऱ्यालाही कळत नाही.

‘विचारून’ म्हणजे तिला एकटीला सोडून देणं नव्हे. तिथेही आई असते, डॉक्टर असतात, समजावणं असतं. घर घेताना आपणही वकिलाला, भावाला, चार ओळखीच्यांना विचारतोच की. म्हणून घर त्यांच्या नावावर होत नाही. ‘वतीने’मध्ये मात्र ‘तिला हवं ते’ची जागा नकळत ‘तिला बरं ते’ घेतं. कायद्याच्या चर्चेत पहिल्याला साहाय्यित निर्णय आणि दुसऱ्याला बदली निर्णय म्हणता येईल. मी स्वतः एकच खूण बघतो: तिने ‘नको’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? ऑपरेशन थांबलं असतं, तर तिला विचारलं होतं. ‘हिला काय कळतंय’ म्हणून तारीख तीच राहिली असती, तर ते विचारणं नुसती औपचारिकता होती.

आता त्या हललेल्या मानेकडे पुन्हा बघू. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या सांगण्यावर चाललेलं असतं, त्याला ‘हो’ म्हणायची सवय लागते. ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो, विषय संपतो, घरी जायला मिळतं. म्हणून जाणती माणसं प्रश्न उलटसुलट विचारून बघतात. “तुला पुढे कधी बाळ व्हावंसं वाटतं?” आणि थोड्या वेळाने, “तुला बाळ नकोच आहे ना?” दोन्हींना ‘हो’ आलं, तर ते उत्तर धरायचं नाही. चित्रं दाखवायची, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि मग तिलाच म्हणायचं, “आता तू मला सांग, काय करणार आहेत ते.” ‘पोटात औषध घालणार’ असं ती म्हणाली, तर समजावणं झालेलंच नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. एकदा तरी आई खोलीबाहेर असताना विचारायचं. याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमका तोच नसतो. माझा अंदाज असा की पुष्कळशा ‘वतीने’ झालेल्या निर्णयांमागे दुष्टपणा नसतो, घाई असते.

इथे हमखास येणारं वाक्य म्हणजे, ‘अहो, तिचं मानसिक वय नऊ वर्षांचं आहे.’ हा आकडा चाचणीतून येतो आणि चाचणीपुरता ठीक असतो. पण बावीस वर्षांच्या बाईने बावीस पावसाळे पाहिलेले असतात. शेजारणीचं बाळंतपण, घरातली भांडणं, कुणाचा मृत्यू हे सगळं तिच्या अनुभवात असतं, नऊ वर्षांच्या पोरीच्या नसतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये नेमका हाच वाद आला. चंदीगडच्या एका सरकारी संस्थेत राहणाऱ्या अनाथ तरुणीवर तिथेच बलात्कार झाला होता आणि ती गरोदर होती. तिला सौम्य बौद्धिक अक्षमता होती. तज्ज्ञांनी बोलून बघितलं तेव्हा बाळ हवं, असं ती म्हणत होती. तरी प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली, अर्थातच तिच्या भल्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मानसिक आजार आणि मतिमंदत्व (निकालातला शब्द हाच) या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सज्ञान स्त्री मतिमंद आहे एवढ्यावरून तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असं सुचिता श्रीवास्तव खटल्याच्या या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

‘वतीने’चं सगळ्यात सभ्य रूप म्हणजे ‘हित’. हा शब्द मोठा गुळगुळीत आहे. कुठल्याही बाजूला वळतो. एका वर्षाच्या आत दोन देशांच्या सर्वोच्च न्यायपीठांनी तो कसा उलटसुलट वळवला, ते बघण्यासारखं आहे. कॅनडात १९८६ मध्ये ‘ईव्ह’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणाचा निकाल आला. ईव्ह चोवीस वर्षांची. तिला बौद्धिक अक्षमता होतीच, शिवाय मनात असलेलं बोलून दाखवता न येण्याचा तीव्र दोष होता. शाळेतल्या एका मुलाशी तिची मैत्री जमली, लग्नाचंही बोलणं निघालं. शाळेने ते तिथेच थांबवलं आणि आईने नसबंदीची परवानगी मागितली. मूल झालं तर उतारवयात ते आपल्यालाच सांभाळावं लागेल, ही आईची भीती खोटी नव्हती. न्यायालयाने सांगितलं की उपचारासाठी गरज नसताना केलेली नसबंदी दुसऱ्या कुणाच्या परवानगीने कधीही होऊ शकत नाही. हानी कायमची आहे आणि फायदा संशयास्पद. १९८७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सतरा वर्षांच्या एका मुलीच्या नसबंदीला परवानगी दिली, तीही तिच्या हितासाठीच. जिला हा निर्णय समजतच नाही तिला प्रजननाच्या हक्काचा उपयोग काय, असा त्यांचा सूर होता. मला कॅनडाचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण ईव्हच्या बोलण्याच्या दोषात आहे. मनात काय आहे ते सांगता येत नाही, यावरून मनात काही नाही असं ठरवून टाकणं फार सोपं असतं.

आजची ही ‘हिता’ची भाषा निदान मऊ आहे. पूर्वी सरकारं सरळ समाजाच्या हिताचं बोलायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली, आणि ‘मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या’ असं न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं. तिसरी पिढी म्हणजे तिची तान्ही मुलगी. तीच पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत झळकली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. आणि हे फक्त हुकूमशहांचं काम होतं असंही नाही: स्वीडनमध्ये १९३४ पासून चार दशकं, जपानमध्ये १९४८ पासून १९९६ पर्यंत असे कायदे लागू होते. जपानमध्ये तर गरज पडल्यास रुग्णाला फसवायलाही सरकारी सूचनांनुसार मुभा होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवायला जुलै २०२४ उजाडलं.

फसवणुकीवरून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली एक गोष्ट आठवते. १९७१ मध्ये एका आईने न्यायाधीशाकडे अर्ज केला की आपली पंधरा वर्षांची मुलगी ‘थोडी मंद’ आहे, तिची नसबंदी करू द्या. न्यायाधीशाने सुनावणी न घेता सही केली. मुलीला सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. मुलगी नेहमीच्या शाळेत जात होती, दरवर्षी पासही होत होती. पुढे तिचं लग्न झालं, मूल होईना, तेव्हा खरं काय ते कळलं. तिने दावा लावला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशावर खटला चालवता येणार नाही असं सांगितलं. इथे कुणी सरकारी वंशशुद्धीवाला नव्हता; सख्खी आई होती. ‘वतीने’ हा प्रकार आईच्या मायेने सौम्य होतो असं आपण धरून चालतो. कधी कधी तिच्यामुळेच तो कुणाच्या नजरेत येत नाही.

पहिल्या खोलीतल्या आईच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या, त्या सोडवून घ्यायला हव्यात. एक पाळी. त्यासाठी पॅड बदलायला हळूहळू शिकवणं आहे, रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे. हे सगळं थांबवता येतं, काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. दुसरं ते ‘बरंवाईट’. म्हणजे बलात्कार, पण तो शब्द कुणी उच्चारत नाही. पिशवी काढल्याने बलात्कार टळत नाही, टळते फक्त गर्भधारणा. जी मुलगी घडलेलं सांगू शकत नाही, तिच्या बाबतीत पुष्कळदा गर्भधारणेमुळेच अत्याचार उघडकीला येतो. तेवढंही पुसलं गेलं की सगळ्यात निर्धास्त होतो तो अत्याचार करणारा.

‘मूल सांभाळणार कोण?’ हा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा आहे. मूल सांभाळायला जमेल की नाही हे मूल, आईबाप आणि भोवतालची माणसं बघून ठरतं, आणि मदत मिळाली तर उत्तर बदलतं. इतरांच्या बाबतीत हा प्रश्न मूल झाल्यावर विचारतात; अपंग व्यक्तीच्या बाबतीत आधीच विचारून दारच बंद करतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने मुलं किती आणि कधी हे ठरवण्याचा हक्क, शिवाय आपली प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क, दोन्ही लिहून ठेवले. भारताच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं दहावं कलमही सांगतं की अपंग व्यक्तीला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्या स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करायची नाही. पण त्याच कायद्यात पुढे गेलं की तीव्र अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती पुरते. दहाव्या कलमात ‘विचारून’, ब्याण्णवाव्यात ‘वतीने’.

खरोखरच काही कळवता येत नाही, अशी माणसंही असतात. त्यांच्यासाठी या कराराच्या समितीने २०१४ मध्ये सुचवलेली कसोटी मला उपयोगाची वाटते: तिचं हित कशात आहे हे ठरवू नका, तिची इच्छा आणि आवड काय असेल, याचा तिला ओळखणाऱ्यांकडून जास्तीत जास्त चांगला अर्थ लावा. इथे चूक होऊ शकते. म्हणूनच जे पुन्हा बदलता येतं ते आधी करून बघायचं.

आता याची दुसरी बाजू, जी हक्कांबद्दल बोलणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. समजा त्या मुलीला सगळं नीट समजावलं, दोनदा, चित्रांनिशी, आई बाहेर असताना. आणि ती म्हणाली, “मला बाळ नको. ऑपरेशन करा.” तिच्या धाकट्या, अपंग नसलेल्या बहिणीने हेच म्हटलं असतं तर डॉक्टरांनी ‘वय लहान आहे, थोडं थांबा’ म्हटलं असतं आणि अखेर तिचं ऐकलं असतं. हिच्या बाबतीत मात्र सगळे दचकतात: नक्की कळलंय ना हिला? कुणी शिकवलं तर नाही? प्रश्न रास्त आहेत. पण मघाशी आईकडे बघून हललेली मान पाच सेकंदांत मान्य झाली होती, तेव्हा यातला एकही प्रश्न कुणाला सुचला नव्हता.