व्हिल्हेल्म व्हाइटलिंग

व्हाइटलिंग, व्हिल्हेल्म : (५ ऑक्टोबर १८०८–२५ जानेवारी १८७१). आद्य जर्मन समाजवादी विचारवंत व कामगार-संघटक. जन्म मॅग्डेबर्ग येथे एका मोलकरणीच्या पोटी. वडील फ्रेंच सैन्यात अधिकारी होते. ते बहुधा १८१२ च्या रशियन मोहिमेत मरण पावले. शिंपीकाम शिकून व्हाइटलिंग लाइपसिक, व्हिएन्ना असे करीत १८३५ मध्ये पॅरिसला गेला व मध्यंतरी ते सोडून काही काळाने पुन्हा तेथेच आला. तेथील परागंदा जर्मन कारागिरांच्या ‘न्यायी संघा’साठी त्याने मानवजात जशी आहे व जशी असावी ही पुस्तिका लिहिली (१८३८; काहींच्या मते प्रत्यक्ष वितरण १८३९ मध्ये).

त्याचा मुख्य ग्रंथ सुसंवाद आणि स्वातंत्र्य यांची हमी (१८४२) स्वित्झर्लंडमध्ये निघाला. खाजगी मालमत्ता व पैसा हे सर्व अनर्थांचे मूळ, ही त्याची मांडणी तशी नवी नव्हती. फ्रेंच समाजवादी विचारवंत फूर्ये व फ्रेंच साम्यवादी यांचे ऋण उघड दिसते. त्याची स्वतःची म्हणावी अशी कल्पना ‘विनिमय-तासां’ची. गरजेच्या वस्तूंसाठी प्रत्येकाने दिवसाला साधारण सहा तास काम करावे. घड्याळ, अत्तर, उंची मद्य अशी चैन हवी असेल, त्याने जादा तास भरावेत. हे तास प्रत्येकाच्या वहीत जमा होतील आणि वस्तू घेतली की वजा पडतील. एखाद्या धंद्यात गर्दी झाली, तर तेथील जादा तास काही काळ बंद ठेवायचे. अधिकारपदे मात्र निवडणुकीने नव्हे, तर ज्ञानाच्या कसोटीवर द्यावीत, असे तो म्हणे. येशूला साम्यवादी ठरविणाऱ्या पुस्तकावरून १८४३ मध्ये झुरिक येथे त्याला अटक झाली. ब्लुंटश्ली या स्विस कायदेपंडिताने जप्त कागदांवरून केलेला सरकारी अहवाल छापला गेल्याने त्याच्या विचारांचा उलट प्रसारच झाला. सुटकेनंतर कवी हायने त्याला हँबर्गला भेटला. व्हाइटलिंग टोपी न काढता बसून घोट्याच्या वरचा भाग चोळत होता. तेथे तुरुंगातील बेडी काचत असे, असे हायनेने नमूद केले आहे.

मार्क्सने १८४४ मध्ये सुसंवाद आणि स्वातंत्र्य यांची हमी या ग्रंथाचा गौरव केला होता. पुढे ३० मार्च १८४६ रोजी ब्रूसेल्स येथे दोघांची खडाजंगी झाली. मार्क्सने टेबलावर मूठ आपटून अज्ञानाने कोणाचेच भले झालेले नाही असे सुनावले, हा वारंवार उद्‌धृत होणारा प्रसंग अनेन्‌कव्ह या रशियन साक्षीदाराच्या आठवणींतला असून त्या प्रसिद्ध झाल्या १८८० मध्ये. खुद्द व्हाइटलिंगने दुसऱ्याच दिवशी हेस या जर्मन समाजवाद्याला लिहिलेल्या पत्रात वाद कशावर झाला ते सापडते : कारागिरांच्या साम्यवादाला मार्क्सचा विरोध, भावनेच्या आवाहनाची टिंगल, आणि आधी भांडवलदारवर्ग सत्तेवर आला पाहिजे हा आग्रह. पत्र एकतर्फी आहे; तरी मुद्द्यांपुरते तेच अधिक विश्वसनीय मानावे लागते. त्याला केवळ ‘स्वप्नाळू’ ठरविणारे जुने मूल्यमापन बरेचसे मार्क्सच्या अनुयायांकडून आलेले आहे.

१८४८ च्या क्रांतीत तो काही काळ जर्मनीत होता. तिच्यावर त्याला फारसा प्रभाव पाडता आला नाही. १८४९ नंतर न्यूयॉर्क येथे त्याने कामगारांचे प्रजासत्ताक हे नियतकालिक चालविले (१८५०–५५). तो जिच्याशी निगडित होता ती आयोवातील (अमेरिका) ‘कम्यूनिया’ ही साम्यवादी वसाहत पैसा व भांडणे यांपायी मोडली. उत्तरायुष्यात शिलाई यंत्राला काज करण्याची जोड शोधून त्याने पेटंटे मिळविली. पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी असल्याच्या त्याच्या सिद्धांताला शास्त्रज्ञांनी थारा दिला नाही. न्यूयॉर्क येथे तो निधन पावला.