फाटकावरची पाटी : नाशिकच्या पोल्ट्रीत जैवसुरक्षा कशी आली

दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या शिवारात द्राक्षबागांच्या मधोमध लांबलचक, पूर्व-पश्चिम बांधलेली पत्र्याची शेडं दिसतात. फाटकावर बहुतेक ठिकाणी ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी असते, आत शिरताना चुन्याचा पट्टा आणि कुठे कुठे गाडीच्या चाकांवर फवारायचा पंप. शेड जुनी आणि पाटी नवी, असं चित्र अनेक जागी आहे. रोग फाटकावरच अडवायचा असतो, म्हणजेच जैवसुरक्षा पाळायची असते, हे या धंद्याला फार उशिरा पटलं. आधी त्याने लसीवर भिस्त ठेवली, मग औषधांवर. तो क्रम माहीत असला की आजच्या नियमांमागचं कारण कळतं, आणि ते अजून कुठे तोकडे पडतात हेही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर गावठी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांच्याइतकीच मानमोडीही ओळखीची आहे. मान पिळवटते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि चार-आठ दिवसांत पाड्यावर आरवायला कोंबडा उरत नाही. हा रोग शास्त्राच्या नोंदीत आला १९२६ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर. त्यानंतर लवकरच तो कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला आढळला आणि भारतात त्याला तेच नाव पडलं. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावर लस तयार झाली. ती नसती तर पुढचं व्यावसायिक कुक्कुटपालन उभंच राहिलं नसतं. पण त्याच यशातून ‘लस दिली की झालं’ ही समजूतही रुजली.

पाड्यांवर मात्र लस आजही नेमाने पोचत नाही. कोंबडी मलूल दिसली की ती आठवडे बाजारात विकून टाकायची, ही रीत गरिबीतून आली आहे आणि तिला नावं ठेवून काही साधत नाही. पण रोग याच वाटेने गावोगाव फिरतो. पोल्ट्रीवर कामाला असलेल्या जोडप्याच्या खोलीमागे चार गावठी कोंबड्या चरत असतील, तर ही वाट थेट शेडच्या दारापर्यंत येते. मजुरांनी कोंबड्या पाळू नयेत हा नियम वरवर जाचक वाटतो, पण त्याचं मूळ इथे आहे.

महाराष्ट्रात या धंद्याला आधुनिक रूप आलं ते पुण्यातून. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांच्या जागी एका छपराखाली एकाच वयाचे, एकाच जातीचे हजारो पक्षी आले. रोगाला याहून सोयीची जागा नव्हती.

गंबोरोने ते दाखवून दिलं. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात १९६२ मध्ये वर्णन झालेल्या या रोगाचा तीव्र प्रकार १९९० च्या दशकात भारतभर पसरला. त्याचा विषाणू विलक्षण चिवट. बाधित पक्षी काढून टाकल्यानंतर १२२ दिवसांनीही त्या जागेत तो रोग लावू शकतो, असं प्रयोगात आढळलं आहे. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही आणि ती शक्ती ओसरली की विषाणू टपलेलाच असतो. या दोन्हींमधली वेळ साधायची म्हणून लसीकरणाचे दिवस ठरले : पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची. पाण्यातल्या क्लोरिनने लस मरू नये म्हणून आधी दुधाची पावडर घालायची, हे आज दहावी शिकलेला शेतकरीही न चुकता करतो. पण शेड नीट रिकामी झाली नसेल, जमिनीवर अंथरलेला जुना तूस कोपऱ्यात राहिला असेल, तर ही सगळी काटेकोर मेहनत वाया जाते. एक लॉट, म्हणजे एका वेळी वाढवलेले सगळे पक्षी, पूर्ण काढायचा, शेड धुवायची, चुना मारायचा, काही दिवस मोकळी ठेवायची आणि मगच नवी पिल्लं टाकायची, ही शिस्त गंबोरोसारख्या रोगांनीच शिकवली.

तरीही मधली बरीच वर्षं प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक्सच्या, कुबडीवर गेली. थोड्या मात्रेत प्रतिजैविक दिलं की पक्षी लवकर वाढतो, हे अमेरिकेत १९५० च्या सुमारास लक्षात आलं होतं. शेडमधल्या अस्वच्छतेवर पांघरूण घालायला ते स्वस्त पडलं. माणसांसाठी शेवटच्या टप्प्यावर राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक भारतात खाद्यप्राण्यांना द्यायला बंदी आली ती थेट २०१९ मध्ये. माझ्या मते ही ढिलाई या धंद्याच्या इतिहासातली सर्वांत महागडी ठरली, कारण तिने स्वच्छतेची सवय लांबवली.

ही ढिलाई मोडायला सुरुवात झाली ती नवापूरपासून. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचं जाहीर झालं. भारतात कोंबड्यांमध्ये या विषाणूची ही पहिली नोंद, भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने केलेली. तीन किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारून पुरले गेले, लाखोंच्या संख्येने. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो सापडला. एकही पक्षी आजारी नसलेल्या जिल्ह्यांतही चिकनचे भाव कोसळले. या विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही आणि एच५एन१ ची लस भारताच्या धोरणात बसत नाही. मग हाती उरलं फक्त फाटक. कोण आत आलं याची वही, शेडचे वेगळे बूट, पायधुणीचं जंतुनाशक, पक्षी आत येऊ नयेत म्हणून जाळी, हे सगळं खऱ्या अर्थाने नवापूरनंतर अंगवळणी पडू लागलं.

नाशिकला यात स्वतःची एक जोखीम आहे. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या या जलाशयावर दर हिवाळ्यात हजारो परदेशी बदकं उतरतात. रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः फारशी आजारी न पडता वाहू शकतात. निफाडची थंडी तर राज्यात प्रसिद्ध आहे. विष्ठेतला एच५एन१ ४ अंश तापमानाला किमान ३५ दिवस टिकतो, ३७ अंशांना सहाच दिवस. म्हणजे पाहुणे पक्षी आणि विषाणूला मानवणारी थंडी एकाच वेळी येतात. यात पक्ष्यांचा दोष नाही आणि अभयारण्याकडे संशयाने पाहणं हा अन्याय होईल. शेडला जाळी, पाण्याच्या टाकीला झाकण आणि पिण्याच्या पाण्यात क्लोरिन एवढं केलं तरी या बाजूचा धोका बराच आटोक्यात येतो.

खरी अडचण मला रस्त्यावर दिसते. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, करार पद्धतीच्या पालनाने, जे १९९० च्या दशकात कोइमतूरकडे वाढलं आणि पुढे इकडे आलं, नाशिकच्या लहान शेतकऱ्याला बाजारभावाच्या झटक्यांपासून बराच आधार दिला. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, मजुरी, वीज शेतकऱ्याची. पण यामुळे एकच सुपरवायझर दिवसाला कित्येक शेडं फिरतो. खाद्याची एकच गाडी रांगेने फार्म घेते. पक्षी धरणारी टोळी आणि तिचे पिंजरे रात्रीत एका गावातून दुसऱ्या गावात जातात. आणि लॉट निघाल्यावर कोंबडी खत उघड्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून द्राक्षबागेत जातं, वाटेत दुसऱ्या कुणाच्या शेडसमोरून. बागाईतदाराला ते हवं असतं, पोल्ट्रीवाल्याला त्यातून चार पैसे सुटतात. ताडपत्री झाकून, नीट कुजवून नेलं तर त्यातला बराच धोका संपतो. ढिगाच्या आतली उष्णताच हे काम करते : ६० अंशांना अर्ध्या तासात बर्ड फ्लूचा विषाणू मरतो.

२०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून करोना होतो या अफवेने हाच शेतकरी विनाकारण होरपळला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आणि नंतर पुन्हा नवापूरला बर्ड फ्लू आला. पंधरा वर्षांनी त्याच गावात. तोवर पक्षी मारण्याचा परीघ एक किलोमीटरवर आला होता, देखरेखीचा दहा किलोमीटर होता.

२०२३ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारतातल्या २६ कुक्कुट ‘कप्प्यां’चं बर्ड फ्लूमुक्त असल्याचं स्वयंघोषणापत्र मान्य केलं, त्यात महाराष्ट्रातलेही आहेत. कप्पा म्हणजे शेजारच्या परिसरात रोग आला तरी काटेकोर जैवसुरक्षेमुळे वेगळा धरला जाणारा फार्मचा संच. निर्यातीच्या दृष्टीने हे मोठं पाऊल आहे. पाच हजार पक्ष्यांची शेड असलेल्या दिंडोरीच्या शेतकऱ्याला मात्र ते परवडणारं नाही. त्याला दोन लॉटच्या मध्ये शेड पंधरा दिवस मोकळी ठेवायची असते आणि त्या पंधरा दिवसांचे पैसे त्याला कुणी देत नाही. साथ आलीच, तर सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांवर आणि नष्ट केलेल्या अंडी-खाद्यावर मोजली जाते. पुढे महिनोन्‌महिने रिकाम्या राहिलेल्या शेडचा त्यात हिशेब नाही. करारात मोकळ्या दिवसांचा दर घालावा आणि गाडी धुण्याचा खर्च कंपनीने उचलावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.