एका कुशीवर जगणारा लेप

आपल्या मराठवाड्यात मासळी म्हटलं की रोहू, कटला, फार तर मरळ. लेप नावाचा समुद्री मासा इकडे फारसा कुणाच्या पाहण्यात नसतो. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, मऊ चिखलावर तो राहतो. अंग जिभेसारखं चपटं. दोन्ही डोळे डाव्या बाजूला, अगदी जवळजवळ. उजवी बाजू पांढरी, कायम तळाकडे.

जन्मतः मात्र तो असा नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखं सरळ पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. थोडं वाढलं की थायरॉईडचं संप्रेरक काम सुरू करतं, कवटीची हाडं वळतात आणि उजवा डोळा हळूहळू सरकत डाव्याच्या शेजारी येऊन बसतो. मग पिल्लू कलतं आणि तळ गाठतं.

जीव पिढ्यानपिढ्या थोडे थोडे बदलत गेले, असं डार्विनचं म्हणणं; या डोळ्यावरून त्याच्या काळात मोठा वाद झाला. डोळा अर्धवट सरकून काय फायदा, असा विरोधकांचा सवाल होता. उत्तर दगडांत सापडलं. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत डोळा अर्ध्या वाटेवर असलेले मासे 2008 साली ओळखले गेले. आपल्या समुद्रातला भाकस हा चपटा मासा आजही त्या वाटेची आठवण देतो: त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या अगदी कडेवरच थांबतो. मला हा पुरावा फार देखणा वाटतो.

लेपाला चिखलच लागतो. पर हलवून तो गाळ उडवतो, गाळ अंगावर बसतो, वर राहतात फक्त डोळे. खाणंही तिथलंच, चिखलातले किडे आणि बारीक कवचधारी जीव. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी म्हणूनच त्याला थेट भोवते.

आणि इथे आपला संबंध येतो. सिंदफणा, दुधना, पूर्णा आपल्या काळ्या रानांतली माती गोदावरीत, म्हणजे आपल्या गंगेत आणतात. तीच माती पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. काकीनाड्याजवळची कोरिंगाची खारफुटी अशाच गाळावर उभी आहे आणि लेपाचे भाऊबंद त्या किनाऱ्यालाही आहेत. पण 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडीसह वाटेतल्या धरणांत बराच गाळ अडतो. मुखाशी पोचणारा गाळ त्यामुळे खूप घटला आहे आणि तिथला किनाराही काही ठिकाणी झिजू लागला आहे.