केशराचं दूध, बाळाचा कान आणि जनुकातलं एक अक्षर
बारशाला आलेल्या बायका बाळाच्या कानाची पाळी बघतात. "आत्ता गोरं दिसतंय, पण कान बघा, पुढे सावळं होणार." हे निरीक्षण अगदीच खोटं नाही. जन्मताना त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं, खरा रंग पुढच्या काही महिन्यांत येतो. राग येतो तो पुढच्या प्रश्नाचा : "केशराचं दूध घेतलं नव्हतंस का गं?" रंगाचा जाब नेहमी आईलाच द्यावा लागतो.

केशर आईच्या पोटात पचून जातं. त्वचेचा रंग ठरतो मेलॅनोसाइट या पेशींमध्ये. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते, फरक असतो त्यांच्या कामात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात, ते मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरतात आणि शेजारच्या पेशींना देतात. तिथे या पिशव्या पेशीकेंद्रावर छत्रीसारख्या जमतात आणि डीएनएचं अतिनील किरणांपासून रक्षण करतात. सावळ्या त्वचेत त्या मोठ्या, सुट्या असतात आणि जास्त टिकतात.

हे काम ठरवणाऱ्या जनुकांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते. एसएलसी24ए5 हे त्याचं नाव. रंगाने फिक्या असलेल्या झेब्रामाशांवरून ते 2005 साली उजेडात आलं. त्यापासून बनणारं प्रथिन मेलॅनिन तयार होताना कॅल्शियमची ने-आण सांभाळतं. डीएनएची भाषा चार अक्षरांची, 'जी' आणि 'ए' ही त्यातली दोन. या जनुकात एका जागी 'जी'ऐवजी 'ए' अक्षर आलं, की प्रथिनातल्या 111व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी थ्रिओनिन येतं आणि मेलॅनिन कमी बनतं. युरोपात 'ए' जवळजवळ प्रत्येकाकडे असतं, भारतात दोन्ही रूपं सर्रास आढळतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 2013च्या अभ्यासात दिसलं, की भारतातलं आणि युरोपातलं 'ए' एकाच मुळातून आलेलं आहे.

या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. आता आईबाप दोघेही गव्हाळ आणि दोघांकडेही एक 'ए', एक 'जी' आहे असं धरा. मुलाला 'एए' मिळण्याची शक्यता पाव, 'जीजी'चीही पाव, उरलेली निम्मी 'एजी'ची. प्रत्येक बाळंतपणात हा हिशोब नव्याने सुरू होतो. शिवाय रंगावर परिणाम करणारी अशी कितीतरी जनुकं आहेत आणि त्या सगळ्यांची वाटणी होते. म्हणून एकाच घरात थोरली उजळ आणि धाकटी काळीसावळी निघते. "आमच्यात कुणी काळं नाही" म्हणत सुनेकडे रोखून बघणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं, कारण निम्मी जनुकं त्यांच्याच मुलाकडून आलेली असतात.

ही वाटणी मुलगा-मुलगी बघत नाही. आपण बघतो. सावळ्या मुलाला कृष्ण म्हणतात आणि त्याच रंगाच्या त्याच्या बहिणीला "नाकीडोळी नीटस आहे, पण रंगाने डावी." हे कानावर पडत वाढलेली मुलगी दुकानात पिवळा ड्रेस हातात घेऊन परत ठेवते, आणि लग्नाचं बघायला लागले की मेडिकलमधून गुपचूप गोरेपणाची ट्यूब आणते.

त्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते, पुरळ येतं आणि मलम थांबवलं की आग होते. म्हणून ती दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नका. घरात आधीपासून कुणी लावत असेल तर तिच्यावर ओरडू नका, ट्यूबसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.